हलकं, स्वस्त आणि सुपरसॉनिक? तिन्ही एकदम कसं जमेल!

फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरूच्या एअरो इंडिया या विमान प्रदर्शनात हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं एचएलएफटी-४२ या सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा वेगानं उडणाऱ्या, ट्रेनरची (वैमानिकांना शिकवायच्या विमानाची) प्रतिकृती मांडली. त्या निमित्तानं एक दावा फिरतोय : ‘हवाई दलाचं सध्याचं ट्रेनर हॉक सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाचं) आहे, त्यावर शिकलेला वैमानिक कच्चाच राहणार. हलकं, स्वस्त सुपरसॉनिक ट्रेनर बनवा, प्रश्न मिटला.’

‘कच्चा राहणार’ हे आधी घेऊ. इस्राएल एफ-३५ हे सुपरसॉनिक लढाऊ विमान उडवतो आणि त्याचे वैमानिक शिकतात एम-३४६ या ट्रेनरवर. ते सबसॉनिक, आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागच्या भागात जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) सुद्धा नाही. आवाजाचा वेग ओलांडताना कॉकपिटात फारसं काही घडत नाही. खरी कसोटी रडार, शस्त्रं, जोडीदार विमान आणि जोरात वळताना अंगावर येणारे ‘जी’ (शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार) एकाच वेळी सांभाळण्याची. ते सगळं आवाजाच्या वेगाखाली शिकता येतं.

आता ‘हलकं’. सुपरसॉनिकसाठी पंख पातळ लागतो. १९५९ साली उडालेल्या अमेरिकी टी-३८ या सुपरसॉनिक ट्रेनरच्या पंखाची जाडी त्याच्या पुढून मागच्या रुंदीच्या जेमतेम ४.८ टक्के. एवढ्याशा पंखात इंधन कुठलं ठेवणार? ते सगळं धडात. शिवाय असा छोटा, पातळ पंख कमी वेगात पुरेशी उचल देत नाही, त्यामुळे उतरतानाचा वेग वाढतो. नवशिक्याच्या हाती नेमकं तेच नको असतं. आफ्टरबर्नर पेटला की इंधन धो-धो जळतं. म्हणून टाकी मोठी, म्हणून वजन जास्त, म्हणून इंजिन आणखी दांडगं. एचएलएफटी-४२ चं उड्डाणावेळचं कमाल वजन १६.५ टन सांगितलं गेलं. तेजसचं १३.५ टन. हलकं म्हणे!

‘स्वस्त’चं उत्तर आपल्याच हवाई दलात उभं आहे. १९६५ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सनं मिळून एक विमान करायचं ठरवलं. त्यातून ब्रिटनला सुपरसॉनिक ट्रेनर हवं होतं. २०० पैकी ११० दोन आसनी ट्रेनर घ्यायचा बेत होता. पण विमान जड आणि महाग होत गेलं. शेवटी दोन आसनी घेतली ३५, बाकीची १६५ एक आसनी, हल्ल्यासाठी. तेच आपलं जॅग्वार. मग ट्रेनरची जागा भरायला ब्रिटननं जॅग्वारचंच अडूर इंजिन आफ्टरबर्नर वगळून घेतलं आणि त्यावर हॉक बनवलं. बीदरच्या हवाई तळावर आपली पोरं शिकतात ते याच घराण्यातलं विमान.

सुपरसॉनिक ट्रेनर कुणी करूच नये, असं माझं म्हणणं नाही. दक्षिण कोरियाचं टी-५० ट्रेनर मॅक १.५, म्हणजे आवाजाच्या दीडपट वेग, गाठतं. पण त्याचंच एफए-५० हे लढाऊ रूप फिलिपिन्स आणि पोलंडनं विकत घेतलंय. आफ्टरबर्नरचा खर्च तिथं कामी येतो. एचएलएफटी-४२ लढायलाही वापरायचं असेल, तर त्याची तुलना हॉकशी नको, तेजसशी करा.