अळणी आहे म्हणून कुत्र्याला चालतं, हे कुणी सांगितलं?

गेल्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मेसेज मंगळवार पेठेतल्या माझ्या मामींपर्यंत पोचला आणि त्यांनी तो जसाच्या तसा चिनूच्या ताटलीत उतरवला. चिनू म्हणजे त्यांचं पाच किलोचं पॉमेरेनियन. मेसेज थोडक्यात असा: पॅकेटचं खाद्य विष आहे. आपण जेवतो तेच कुत्र्याला द्या, रस्सा-भाकरी हा पूर्ण आहार. रोज चमचाभर कांदा-लसूण मसाला घाला, गोचीड आपोआप गळून पडतात. हाडं शिजवून द्या, कॅल्शियम मिळतं. ताकदीला मूठभर बेदाणे. आपल्या आजोबांची कुत्री यावरच पंधरा-पंधरा वर्षं जगली. खाली ‘प्रत्येक श्वानप्रेमीला पाठवा’. लोकांनी पाठवलाच. माझ्याकडे तो तीन ग्रुपवरून आला.

सगळ्यात आधी तो मसाला. कांदा, लसूण, कांद्याची पात ही एकाच कुळातली. त्यांच्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन बिघडवतात. पेशीत बारीक गाठी होतात, त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात, आणि मग त्या पेशी फुटू लागतात. माणसाला ज्याचं काही होत नाही, ते कुत्र्याला सोसत नाही. शिजवून, परतून, वाळवून किंवा पूड करूनही हे जात नाही. उलट वाळवल्यावर पाणी तेवढं उडतं, म्हणून कमी वजनात जास्त मात्रा पोटात जाते. कच्चा कांदा वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम गेला की रक्तात बदल दिसू लागतात, असं पशुवैद्यकात धरतात. पाच किलोच्या चिनूसाठी म्हणजे पंचाहत्तर ग्रॅम, एक मध्यम कांदा. चमचाभर मसाल्याने त्याच दिवशी काही होत नाही, हे मान्य. पण मेसेज रोज घाला म्हणतो, आणि रोज पेशी फुटत राहिल्या तर नव्या तयार व्हायला उसंत मिळत नाही.

गोचिडाचं नाव यात जोडणं तर मला अक्षम्य वाटतं. गोचीड चावून होणाऱ्या तापात, बेबेसिया किंवा एर्लिकियात, कुत्र्याचं रक्त आधीच कमी होतं. अशा कुत्र्याला रोज लसूण घालणं म्हणजे गळक्या घागरीला आणखी एक भोक पाडणं. शिवाय लक्षणं सारखीच: पांढुरक्या हिरड्या, धाप, मरगळ, गडद लघवी. चिनूचं तेच झालं. आठव्या दिवशी ते जिना चढेना, लघवी काळ्या चहासारखी. शेजारी म्हणाले गोचीड ताप असणार, मामींनाही तेच वाटलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, खायला काय घालता? रक्ताच्या काचपट्टीवर गोचीड तापाचे जंतू नव्हते, हाइन्झ बॉडी होत्या. चिनू वाचलं, पण पुन्हा पहिल्यासारखं पळायला तीन आठवडे गेले.

मामी रडवेल्या होऊन म्हणाल्या, “अगं, मी तिखट कुठं घातलं होतं जास्त? निम्म्या वेळा तर अळणीच देत होते की.” इथेच आपल्या कोल्हापुरातली घरंच्या घरं फसतात. अळणी म्हणजे मसाला घालायच्या आधीचं मटण शिजवलेलं पाणी, त्यात तिखट नाही, एवढंच. मटण शिजायला टाकतानाच कांदा आणि आलं-लसणाचं वाटण आपण लावतो, ते सगळं त्या पाण्यात उतरतं. पांढऱ्या रश्श्याचंही तेच. लहान पोराला वाटीभर अळणी पाजायची सवय आहे, म्हणून कुत्र्यालाही चालेल असं गृहीत धरतो.

बेदाण्यांवर वाद घालायचीही माझी तयारी नाही. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. किती खाल्ल्यावर, हे कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून एकही देऊ नये. तासगावचा उत्तम बेदाणा असला तरी नाही. शिजवलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होतात, ते घशात अडकतात, आतडं फाडतात. नळी चोखायला आपल्याला आवडते, म्हणून ती कुत्र्यापुढे टाकू नका.

‘पूर्ण आहार’ या शब्दावर मात्र थांबायला हवं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ साली कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. पुस्तकांतल्या, वेबसाइटवरच्या, काही तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी होता, बहुतेकींत एकाहून जास्त. विचार करून लिहिलेल्या पाककृतींची ही गत असेल, तर कालच्या उरलेल्या रश्श्याला पूर्ण आहार कोणत्या तोंडाने म्हणायचं? नुसत्या मटणात कॅल्शियमच्या पंधरा-वीसपट फॉस्फरस असतो. कुत्र्याला दोन्ही जवळपास बरोबरीने, कॅल्शियम थोडं जास्तच, लागतं. ते जेवणातून मिळालं नाही की शरीर हाडांतून काढून घेतं. वाढत्या पिल्लाचे पाय यानेच वाकतात.

आजोबांच्या कुत्र्यांचं म्हणाल, तर ती साखळीला नव्हती. शिवारात उंदीर-घुशी खायची, उकिरडा उकरायची, आपल्या हातचं अर्धंच खायची. आणि जी दोन-तीन वर्षांत गेली, त्यांची आठवण कुणी काढत नाही.

एक गोष्ट मला मान्य करावी लागते. भाकरी-भात कुत्र्याला पचत नाही, हे पॅकेटवाल्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं आहे. पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत आढळल्या आहेत. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं राहून ते शिकलंय. घरचं जेवण वाईट नाही, पॅकेट महाग पडतं हेही खरं. पण पॅकेट विष नव्हे. चिनूला विष घरच्या डब्यातून गेलं.

मामी आता वाटण लावायच्या आधीच मटणाचे चार तुकडे वेगळ्या पातेल्यात काढतात. मीठ, कांदा, लसूण काही नाही. बरोबर भात आणि लाल भोपळा. कॅल्शियमसाठी अंड्याच्या कवचाची बारीक पूड, तीही डॉक्टरांनी चिनूचं वजन करून ठरवून दिली तेवढीच. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं, तेव्हा अंदाजाने चमचे घालू नका.

तुम्हीही तो मेसेज वाचून मसाला घातला असेल, तर आजच थांबवा. त्रास लगेच दिसत नाही, काही दिवस जातात. आठवडाभर रोज ओठ वर करून हिरड्यांचा रंग बघा, लघवीवर लक्ष ठेवा. रंग उतरलेला दिसला तर गोचीड ताप म्हणून घरात गोळी शोधत बसू नका. डॉक्टरांकडे जा, आणि काय, किती, किती दिवस घातलं ते न लपवता सांगा.