नोटेतली ‘नॅनो चिप’: नोट गेली, मेसेज काही जाईना

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि नवी दोन हजाराची नोट हातात पडते न पडते तोच तिच्याबद्दलचा मेसेज घरोघरच्या ग्रुपवर येऊन धडकला. त्याचं म्हणणं असं: या नोटेत ‘नॅनो जीपीएस चिप’ आहे. तिला बॅटरी लागत नाही. उपग्रहानं सिग्नल सोडला की ती तो परत फेकते आणि नोटेचा नंबर, ठिकाण सगळं कळतं. नोट १२० मीटर खोल पुरली तरी सापडते. एका जागी जास्त नोटा जमल्या की आयकर खात्याला वर्दी जाते. काही वृत्तवाहिन्यांनीही हे गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. रिझर्व्ह बँकेनं तेव्हाच साफ नाकारलं. मे २०२३ मध्ये ती नोटच चलनातून मागे घेतली गेली, तरी ‘काहीतरी असणारच हो’ म्हणणारे अजून भेटतात.

आधी ‘नॅनो’ घेऊ, कारण सगळी जादू त्या दोन अक्षरांवर उभी आहे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मोबाइलच्या जाहिरातीतल्या ‘पाच नॅनोमीटर चिप’मधला आकडा चिप बनवण्याच्या तंत्राच्या पिढीचा असतो, ती चिप स्वतः नखाएवढी, उघड्या डोळ्यांना दिसणारी. तरी मेसेजवाल्यांच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायला हवी. खरोखर बारीक चिपा आहेत. जपानच्या हिताची कंपनीची ‘म्यू-चिप’ जेमतेम ०.४ मिलिमीटरची होती आणि २००५ च्या आइची इथल्या जागतिक प्रदर्शनाच्या तिकिटांत ती घातलेली होती. कागदात चिप बसते, यात वाद नाही. पण ती वाचायला यंत्र अगदी जवळ न्यावं लागायचं. वेगळी अँटेना जोडली तरी फार तर फूटभर. चिप कितीही लहान करा, अँटेना तितकी लहान करून चालत नाही. फास्टॅग उजेडासमोर धरून पाहा: धातूची पातळ नागमोडी पट्टी दिसेल आणि मधोमध एक काळा ठिपका. चिप म्हणजे तो ठिपका, बाकी सगळी अँटेना.

‘बॅटरी लागत नाही’ हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरंच जास्त पसरतं. फास्टॅगलाही बॅटरी नसते. टोलनाक्यावरचं यंत्र लहरी सोडतं, त्यातल्याच ऊर्जेवर टॅग उत्तर देतो. पण किती अंतरावरून? काही मीटरवरून. तेवढ्यातही कधीकधी ‘गाडी जरा मागे घ्या’ ऐकावं लागतं, नाहीतर कर्मचारी हातातलं यंत्र घेऊन काचेपाशी येतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत.

आणि मुळात जीपीएसचा उपग्रह कोणाला शोधतच नाही. ‘मी अमुक उपग्रह, माझ्या घड्याळात इतके वाजले’ एवढंच तो अखंड सांगत असतो. किमान चार उपग्रहांचं ऐकून हिशेब करतो तो आपला फोन, आणि त्यासाठी बॅटरी खातो. तुमचा फोन अस्तित्वात आहे हे उपग्रहाला माहीतही नसतं. त्याचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा उरलेली शक्ती असते एका वॅटला एकावर सोळा शून्यं एवढ्या संख्येनं भागल्यावर येईल तेवढी. ती नोटेवर आपटून पुन्हा वीस हजार किलोमीटर वर जाणार, तेही नंबरासकट! ‘हिरवा-निळा दिसणारा सुरक्षा धागा हीच अँटेना’ असं म्हटलं तरी या गणितात काही फरक पडत नाही. शिवाय जीपीएस अमेरिकेच्या लष्कराचं. ते आपल्या आयकर खात्यासाठी कपाटातली बंडलं मोजत बसेल, ही कल्पनाच भारी आहे.

१२० मीटरवर फार वेळ घालवायला नको. एक्स्प्रेस वेवर भाताण बोगद्यात शिरलं की फोनला उपग्रह दिसेनासे होतात; बाण पुढे सरकलाच तर अंदाजानं. पाण्याखालच्या पाणबुड्यांना संदेश पाठवायला नौदलानं तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात प्रचंड मनोऱ्यांचं केंद्र उभारलंय, किलोमीटरच्या मापात मोजाव्या लागणाऱ्या लांब लहरींसाठी. जीपीएसची लहर जेमतेम १९ सेंटिमीटरची. ओल्या मातीत ती वरच्यावरच विरते.

‘चिप काढायला गेलं तर नोट खराब होते’ हा दावा तर पुरावा तपासूच नये म्हणून केलेली सोय.

करोनाच्या काळात हाच माल ‘नॅनो’ऐवजी ‘मायक्रो’ लावून परत आला: लशीतून मायक्रोचिप टोचतात म्हणे. तिथंही लोक सुईचं भोक मोजत बसले, ‘एवढ्यातून चिप जाईल का?’ जाईलही एखादी. पण दंडात गेल्यावर तिला वीज कोण देणार आणि तिचं बोलणं टॉवरपर्यंत नेणारी अँटेना कुठल्या सुईतून जाणार?