दुसरी खिडकी, एक हाड आणि माझा चुकलेला शब्द

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली आणि मुद्दाम दोन दिवस थांबले. फोंडा तालुक्यात तीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाने सवड काढून एवढे लिहिले, त्याला घाईने उत्तर देणे बरे नव्हे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. इतिहासातल्या कोड्यांवरच्या माझ्या गेल्या लेखात दोन गोष्टी होत्या: जुने गोवे इथे सापडलेल्या, जॉर्जियाच्या राणीच्या मानल्या जाणाऱ्या अस्थी आणि पत्ता हरवलेला एक ज्वालामुखी. सरांचे आक्षेप तीन. डीएनएने अस्थी केतेवान राणीच्याच असल्याचे ‘सिद्ध झाले’ हे माझे विधान चूक आहे. असली कोडी ही करमणूक आहे, ती सुटली काय न सुटली काय, इतिहासाला फरक पडत नाही. आणि एका राणीच्या हाडापायी एवढा खटाटोप करण्यापेक्षा ज्यांची नावेही उरली नाहीत अशा हजारो लोकांबद्दल लिहावे.

पहिला आक्षेप मान्य. तो शब्द मी कालच बदलला. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्रीय संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी तपासला तो मायटोकॉन्ड्रियल डीएनए. तो फक्त आईकडून येतो. एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून चारशे पावसाळे काढलेल्या हाडातूनही तो हाती लागण्याची आशा असते. पण तो वंश सांगतो, माणूस नाही. आजी, आई, मावशी, सख्ख्या बहिणी, सगळ्यांचा तो सारखाच. या हाडात ‘यू१बी’ नावाचा मातृवंश निघाला. भारतीय उपखंडातल्या २२,००० हून अधिक लोकांच्या नमुन्यांत तो एकाकडेही नव्हता. जॉर्जियातल्या ३० जणांपैकी दोघांकडे होता. म्हणजे हे हाड आईच्या बाजूने बहुधा तिकडच्या माणसाचे, एवढेच त्यातून कळते. राणीचे नाव डीएनए सांगत नाही. संशोधकांनीही २०१४ च्या निबंधात ते केतेवानचे असण्याची शक्यता आहे, असेच म्हटले होते. ‘सिद्ध’ हा शब्द माझा होता.

मग नाव आले कुठून? कागदांतून आणि जागेतून. म्हणूनच तुमचा दुसरा आक्षेप मला पटत नाही.

पूर्व जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी केतेवान १६१४ मध्ये आपल्या मुलाच्या राज्यासाठी बोलणी करायला इराणच्या शाह अब्बासकडे गेली, ती परतलीच नाही. दहा वर्षे कैदेत गेली. धर्म सोडायला तयार होईना म्हणून १६२४ मध्ये शिराझला तिला हालहाल करून मारले. तिथे असलेल्या ऑगस्टिनियन या कॅथलिक संघाच्या पोर्तुगीज पाद्रींनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले आणि त्यांतला काही भाग १६२७ मध्ये जुने गोवे इथल्या आपल्या मठात आणला. कुठे ठेवला, याची पोर्तुगीज नोंद आहे: मठाच्या चॅप्टर चॅपेलमध्ये (पाद्रींच्या सभेच्या जागेतले छोटे प्रार्थनाघर), एपिस्टलच्या बाजूला, दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत. वेदीकडे तोंड करून उभे राहिले की उजवा हात ती एपिस्टलची बाजू.

वाचताना वाटते, मग काय, जायचे आणि बघायचे. पण १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केले आणि मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचे छत बसले. मोठी घंटा १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये गेली, आजही ती तिथेच वाजते. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. माझे माहेर खोर्लीचे. शाळेत जाताना बसच्या खिडकीतून तो चिऱ्याचा उभा चिरलेला मनोरा रोज दिसायचा. एके काळी तो ४६ मीटर उंच होता, हे मला फार उशिरा कळले. आम्हा मुलांना ते नुसते पडके होते. खिडकी शोधायची तर आधी भिंत हवी, आणि ढिगाऱ्यातली कुठली भिंत चॅपेलची, हेच कळत नव्हते. जॉर्जियातून माणसे येऊन बघून जात आणि रिकाम्या हाताने परतत. पुरातत्त्व खात्याने ढिगारा उपसला, खोल्यांची मांडणी जुन्या वर्णनांशी ताडून पाहिली, आणि २००४ मध्ये ते हाड मिळाले.

सर, इथे तीन साक्षीदार आहेत: पाद्रींनी लिहिलेला कागद, भिंतीची जागा आणि पेशीतला वंश. तिघांनी मिळून काही ठरवलेले नाही, तरी तिघे एकाच दिशेला बोट दाखवतात. विद्यार्थ्याला पुरावा म्हणजे काय हे शिकवायचे तर याहून चांगला धडा मला माहीत नाही. आणि तो मिळाला प्रश्न नेमका होता म्हणून. ‘राणीचे काय झाले’ असे विचारत बसलो असतो तर नुसत्या दंतकथा हाती लागल्या असत्या. ‘दुसरी खिडकी कुठली’ असे विचारले, म्हणून खणायची जागा कळली.

ज्वालामुखीचेही तसेच. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका या दोन्ही टोकांच्या बर्फात तेराव्या शतकाच्या मध्यावरचा, ज्वालामुखीतून उडालेल्या गंधकाचा जाड थर सापडला होता, पण उद्रेक कुठे झाला ते कित्येक वर्षे कळत नव्हते. २०१३ मध्ये उत्तर आले: इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरचा सामालास, साल १२५७. त्याची आठवण तिथल्या ताडपत्रांवरच्या जुन्या जावानीज लेखनात होती, पामातान नावाचे शहर गाडले गेल्याची हकिगत होती. ताडपत्र आणि बर्फ एकमेकांना भेटायला साडेसातशे वर्षे लागली. १८०९ च्या सुमाराचा असाच आणखी एक थर आहे, त्याचा डोंगर अजून सापडलेला नाही. डिसेंबर १८०८ मध्ये बोगोटाला फ्रान्सिस्को होसे दे काल्दास या शास्त्रज्ञाने सूर्य झाकोळणाऱ्या धूसर पडद्याची नोंद केली आहे. शोधणाऱ्यांकडे सध्या असे थोडेच धागे आहेत.

आता तिसरा आक्षेप. त्याने मला खरे थांबवले.

जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी राणीच्या अस्थींचा काही भाग तिबिलिसीला जाऊन सन्मानाने सुपूर्द केला. त्याचे फोटो मी लेखात आनंदाने लावले होते. पण सीसीएमबीने तपासलेले हाड एकच नव्हते. त्याच उत्खननातली आणखी दोन हाडे होती आणि त्यांचे मातृवंश भारतात आढळणाऱ्यांशी जुळले. मी ते वाचले होते. लेखात त्यांच्यासाठी एक ओळही खर्च केली नाही. राणीची नाहीत एवढे कळल्यावर माझ्या लेखी ती हाडे संपली होती. तुम्ही ‘हजारो लोक’ म्हटलेत आणि मला ती दोन माणसे आठवली.

कोण असतील ती? मठातले पाद्री? मग पाद्रीची आई इथली कशी? गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज अल्बुकर्कने १५१० नंतर आपल्या माणसांची इथल्या स्त्रियांशी लग्ने लावण्याचे धोरण ठेवले होते. अशा घरातला मुलगा पुढे झगा घालून मठात गेला, तर त्याच्या हाडात आईचाच वंश उरणार. वडील लिस्बनचे होते की इथल्या दिवाडी बेटावरचे, हे ते हाड कधीच सांगणार नाही. किंवा दोघांचीही घराणी पूर्ण इथलीच असतील. म्हणजे तुम्हाला हवा असलेला अनाम लोकांचा इतिहास त्याच ढिगाऱ्यात, राणीच्या आसपास पडला होता. मी फक्त तिच्याकडे बघत होते.

तेव्हा पुढचा लेख त्या दोन हाडांवर. प्रश्न लहानच ठेवते: मठात दाखल झालेल्यांच्या नोंदींत आईचे नाव आणि गाव लिहीत असत का? जुने पोर्तुगीज हस्ताक्षर तुम्हाला वाचता येते, असे तुम्हीच प्रतिक्रियेत लिहिले आहे. मला ते अजून अडखळत वाचावे लागते. येत्या गुरुवारी सकाळी दहाला मी पणजीच्या पुराभिलेखागारात असेन. जमले तर याल का?