होऊ दे खर्च, प्लास्टिकचंच तर आहे

वस्तू महाग पडायला महागडं प्लास्टिकच लागतं, असा नवशिक्यांचा समज असतो. साध्या पॉलिप्रॉपिलीनमध्येही कारखानदाराच्या डोळ्यांत पाणी आणता येतं. फक्त साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून बनणाऱ्या नगाचं डिझाइन करताना सगळे निर्णय स्क्रीनसमोर बसून, साचा बनवणाऱ्याला न विचारता घ्यायचे.

सुरुवात भिंतीच्या जाडीपासून. २ मिमी पुरेल असं गणित सांगत असेल तर सरळ ४ करा. कोणी विचारलंच तर ‘मजबुतीसाठी’ म्हणा. या शब्दापुढे मीटिंगमध्ये सहसा कोणी तोंड उघडत नाही. माल दुप्पट लागला, एवढ्यावर समाधान मानू नका. साच्यात प्लास्टिक गार व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, वेळ चौपट. आणि शॉटचा, म्हणजे साचा एकदा भरून नग बाहेर काढण्याचा, निम्म्याहून जास्त वेळ बहुतेकदा गार होण्यातच जातो. मशीन, ऑपरेटर, वीज, सगळे तुमच्या नगाची वाट बघत ताटकळतात, आणि हे प्रत्येक नगाला, साचा झिजून संपेपर्यंत.

भिंत पातळ ठेवून आतून रिब, म्हणजे आधाराच्या उभ्या पट्ट्या, देणारे काही चिक्कू लोक असतात. रिब तुम्हीही द्या, पण भिंतीइतकीच जाड. ती भिंतीच्या ४० ते ६० टक्के ठेवावी असं सांगतात, ते खर्च वाचवायला निघालेल्यांसाठी. जाड रिबच्या मुळाशी प्लास्टिक सगळ्यात शेवटी गार होतं, आकसतं, आणि बरोबर समोरच्या चकचकीत बाजूवर खळगा पडतो. हा सिंक मार्क. तो लपवायला पृष्ठभागावर खडबडीत टेक्स्चर मारा.

टेक्स्चर मारलं म्हणून ड्राफ्ट, म्हणजे भिंतीला किंचित उतार, मात्र देऊ नका. शून्य अंशाच्या ताठ भिंती ड्रॉइंगवर काय देखण्या दिसतात! १ अंशाचा उतार दिला तर नग साच्यातून सहज सुटतो, मग मशीनवर नग काढणाऱ्या मोल्डरने दिवसभर करायचं काय? टेक्स्चरच्या खोलीत दर ०.०२५ मिमीमागे साधारण १ अंश जास्तीचा लागतो, हे त्याला ट्रायलच्या दिवशी आपोआप कळेल. नगाच्या बाजूंवर ओरखडे, नग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांच्या जागी पांढरे डाग. वाईट दिसतं खरं, पण दोष मोल्डिंगच्या खात्यावर जातो.

साचा बिचारा एका सरळ रेषेत उघडतो आणि मिटतो. त्याचा हा साधेपणा खुपत असेल तर बाजूच्या भिंतीत एक छोटंसं भोक पाडा. त्यासाठी साच्यात बाजूने सरकणारा तुकडा, म्हणजे स्लायडर येतो, तो सरकवायला तिरकी पिन, दाबून धरायला लॉक, झिजायला पट्ट्या. दोन भाग खटकन अडकवणाऱ्या स्नॅपच्या हुकाखाली आरपार खिडकी ठेवली तर स्लायडर लागत नाही, असं साचे बनवणारा एखादा टूलरूमवाला हळूच सुचवेल. त्याला पुढच्या मीटिंगला बोलावू नका.

टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ±०.०५ मिमी, सरसकट. जिथे काहीच बसत नाही त्या कडेलाही. पॉलिप्रॉपिलीन ग्रेडनुसार साधारण १ ते २.५ टक्के आकसतं, म्हणजे १०० मिमीत किमान १ मिमी, पण आकसणं हा प्लास्टिकचा स्वभावदोष, तुमचा नव्हे. जाडी जागोजागी वेगळी ठेवली असेल तर नग वाकतोही. मग तो गार होईपर्यंत जिगवर, म्हणजे आकार धरून ठेवणाऱ्या चौकटीवर, दाबून धरायला एक माणूस ठेवता येतो. आतले कोपरे टोकदार राहू द्या, म्हणजे ४ मिमी जाडी असूनही नग तिथूनच तडकेल. कॅव्हिटी, म्हणजे एका साच्यात नगाच्या किती पोकळ्या? मागणी शेकड्यांत असेल तर १६, लाखांत असेल तर १.

बदल सुचायचे ते पोलाद कापून झाल्यावरच. यात एक बारकावा आहे. साच्यातलं पोलाद काढणं सोपं, त्यामुळे नगावर प्लास्टिक वाढवणंही सोपं. नगावरचं प्लास्टिक कमी करायचं तर साच्यात पोलाद भरावं लागतं: वेल्डिंग, पुन्हा मशिनिंग, पुन्हा पॉलिश, पुन्हा ट्रायल. म्हणून मुरलेले साचेवाले शंकेच्या मापाला थोडं पोलाद शिल्लक ठेवतात. त्यांना ‘ड्रॉइंगप्रमाणेच करावे’ असा लेखी मेल टाका, आणि पहिली ट्रायल झाली की ४ ची भिंत ३ वर आणायला सांगा.

आता नगाची किंमत बघून वर ओरड होईल. खर्चकपातीची बैठक तुम्हीच बोलवा. भिंत, स्लायडर, टॉलरन्स हा डिझाइनचा विषय, त्याला कोणी हात लावायचा नाही. चर्चा मोल्डरच्या नफ्यापासून सुरू करा आणि नग ज्या पिशवीत भरून येतो त्या पिशवीपर्यंत न्या. पिशवी फार जाड आहे, दहा मायक्रॉन सहज कमी होतील.