बॅगेतली काळी पाऊच

परवा फॅमिली ग्रुपवर मी एक फोटो टाकला. इथे व्हँकुव्हरला लायब्ररीच्या भिंतीवर नॅलोक्सोनची (हेरॉईनसारख्या ड्रगच्या ओव्हरडोसवर उतारा म्हणून द्यायचं औषध) पेटी लावलीय, लागेल त्याने घ्यावं. झालं! दादाचा मेसेज आला, "फुकट मिळतंय म्हटल्यावर लोक आणखी बिनधास्त घेतील, व्यसनाला प्रोत्साहन आहे हे." खाली सात अंगठे, त्यातला एक माझ्या सख्ख्या बहिणीचा.

दादा, प्रोत्साहन कसलं डोंबलाचं? हेरॉईन, फेंटानिल, मॉर्फिन जास्त झालं की माणूस श्वास घ्यायचाच विसरतो, ओठ निळे पडतात, घशातून घोरल्यासारखा आवाज येतो आणि बघणाऱ्याला वाटतं झोपलाय. नॅलोक्सोन ती नशा मेंदूतून हुसकून लावतं, दोन-पाच मिनिटांत माणूस उठतो, पण कसा? ओकत, थरथरत, बऱ्याचदा तुम्हालाच शिव्या घालत. ह्यासाठी कोण मुद्दाम बेशुद्ध पडेल! त्यात असर 30 ते 90 मिनिटंच टिकतो, म्हणजे ॲम्ब्युलन्स बोलवावीच लागते. आणि त्याने तसलं काही घेतलंच नसेल तर औषधाने काही बिघडत नाही.

वहिनीचं म्हणणं आपल्याकडे हा प्रॉब्लेमच नाही. 2019 च्या सरकारी सर्व्हेत देशात ओपिऑइड (म्हणजे अफू, हेरॉईन आणि त्याच जातीची औषधं) घेणारे 2.26 कोटी निघाले होते, ते काय सगळे दुसऱ्यांच्या घरातले? आणि व्यसन सोडा, कॅन्सरच्या दुखण्यासाठी घरी मॉर्फिनच्या गोळ्या असलेल्या आजोबांनी चुकून दोनदा घेतल्या तर?

इथे बी.सी.मध्ये, म्हणजे ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, 2012 पासून नॅलोक्सोनचे किट फुकट वाटतात, 2016 ला ओव्हरडोसच्या मृत्यूंमुळे आरोग्य आणीबाणी जाहीर केली, 2017 ला कॅनडाने देशभरासाठी कायदाच केला की ओव्हरडोसला मदत बोलावणाऱ्यावर जवळ ड्रग बाळगल्याची केस होणार नाही. आपल्याकडे पहिला विचार पोलिसांचा येतो. (इथेही माणसं मरतातच, ते मी ग्रुपवर लिहिलं नाही.)

हे सगळं टाइप करून पाठवलं, वर "तुम्हाला नाही कळणार" असंही. ते जरा जास्तच झालं.

कारण गेल्या हिवाळ्यात बस स्टॉपवर एक मुलगा भिंतीला टेकून घसरत खाली बसला, आणि माझ्या बॅगेत किट होतं, तीन ॲम्प्यूल, सिरिंज, तोंडावर धरायचा मास्क, ट्रेनिंगही झालेलं, तरी मी दोन पावलं मागे सरकले. एका बाईने पर्स फेकली, गुडघ्यावर बसली, पँटवरूनच मांडीत सुई मारली आणि मान मागे करून श्वास द्यायला लागली. दुसरा डोस लागेल म्हणून तिने हात पुढे केला तेव्हा कुठे मी माझी पाऊच काढून दिली. मुलगा उठला. ती मला थँक्यू म्हणाली.

त्याच आठवड्यात नवीन किट घेतलं, बॅगेत असतं. फक्त आपले मराठी मित्र घरी येणार असले की मी ती काळी पाऊच काढून कपाटात टॉवेलांच्या मागे ठेवते, उगाच कुणी विचारायला नको, हे कशाला लागतं तुमच्या घरात.