सगळे फोटो फ्रिथने काढलेले नाहीत : एक खुलासा

इंग्लंडमधल्या गावांचे जुने कृष्णधवल फोटो सध्या ग्रुपांवर फिरत आहेत. खाली ठरावीक ओळ असते : ‘व्हिक्टोरियन छायाचित्रकार फ्रान्सिस फ्रिथ यांनी काढलेला दुर्मीळ फोटो.’ यातल्या अनेक फोटोंबाबत हे शक्यच नाही.

फ्रिथचा जन्म 1822 चा, मृत्यू 1898 चा. त्याने 1860 च्या सुमारास सरे परगण्यातल्या रायगेटला कंपनी काढली आणि ती त्याच्या पश्चात 1971 पर्यंत चालू होती. गावोगाव हिंडून पोस्टकार्डांसाठी फोटो काढायचे ते कंपनीचे पगारी छायाचित्रकार. शिक्का मात्र फ्रिथच्याच नावाचा.

फोटो नीट मोठा करून बघा. रस्त्यावर काळे-पांढरे पट्टे दिसले, म्हणजे झेब्रा क्रॉसिंग, तर तो साधारण 1951 नंतरचा, कारण कायद्याने ते तेव्हा आले. कोपऱ्यावर घुमटाकार माथ्याची, चौकोनी काचांची टेलिफोनची खोकी असेल तर बहुधा 1936 नंतरचा. तेव्हा फ्रिथ जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

हा नुसता तपशिलाचा वाद नाही. अशाच फोटोंखाली लोक आपल्या आठवणी लिहितात : आजोबांचं दुकान, शाळेची वाट. फोटोवर चुकीचा काळ चिकटला की पन्नाशीच्या दशकातली खरी आठवण खोटी वाटू लागते, आणि भर पावसात कॅमेऱ्याची तिपाई घेऊन उभ्या राहिलेल्या त्या अनामिक नोकरदारांचं श्रेयही जातं. तेव्हा पुढे पाठवताना ‘फ्रिथ कंपनीचा फोटो’ एवढंच लिहा.