टच आला, टच गेला

आमचा टॅब बिघडलाय असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे नक्की काय होतंय?" माझी पंचाईत इथंच होते. बिघडलाय म्हणावं तर चालतोय. चालतोय म्हणावं तर ऐन वेळी बोटाला भीक घालत नाही. पडदा उजळलेला असतो, आत कीर्तनकारबुवा रंगात आलेले असतात, आणि आपण वरून बोट टेकवून, दाबून, घासून, शेवटी नखानं टकटक करून दमतो. आत ढिम्म. वैतागून बाजूला ठेवावा, तर थोड्या वेळानं स्वारी आपली आपण जागी होते, दोन-चार पानं पुढं जाते आणि कुणाच्या तरी श्रद्धांजलीच्या पोस्टखाली हसरा चेहरा टाकून येते. मिक्सर बंद पडला की बंद पडला, नेऊन दुकानात टाकता येतो. ह्याचं काही ठरतच नाही.

टॅब घेतला २०२० साली, लॉकडाऊनमध्ये, चिरंजीवांच्या ऑनलाइन शाळेसाठी. पुढं चिरंजीव इंजिनिअरिंगला पुण्याला गेले. जाताना टॅबचा मूळ चार्जर घेऊन गेले आणि "हा पण सेमच आहे" म्हणून दुसराच कुठला तरी ठेवून गेले. टॅब आईच्या वाट्याला आला. पहाटे काकडा, संध्याकाळी कीर्तन, मधल्या वेळात नातेवाइकांची तोंडं. कीर्तन मधेच विझू नये म्हणून पडदा कधीच बंद होणार नाही अशी सोयही तिनं नातवाकडून करून घेतलेली.

पावसाळ्यात मात्र टॅब माझ्याकडं येतो, कारण मला पाणी बघायचं असतं. सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. गावभागात, म्हणजे सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीत, राहणाऱ्या माणसाचा पावसाळा फुटात मोजतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्याही वर गेलं आणि आमची तिजोरी माळ्यावर चढली, ती अजून माळ्यावरच आहे. तेव्हापासून पावसानं जरा झड धरली की "कोयनेतून किती सोडलंय?" आणि "आयर्विनला किती?" हे दोन प्रश्न "जेवलात का"च्या आधी विचारले जातात. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय मी इथं काढत नाही. तो काढला की टॅब राहील बाजूला.) तर पाण्याचा तक्ता उघडावा, आकडा खालच्या ओळीत आहे हे दिसावं, पान वर सरकवायला बोट लावावं आणि पान हलू नये. सगळा जोर लावून ओढावं, तर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात उघडावी. तिकडं नदी वाढतेय का उतरतेय कळत नाही आणि इकडं पडद्यावर एक आजोबा जिना चढतायत.

घरात आणि दारात निदानं सुरू झाली. बायको म्हणाली, हवा दमट आहे, पापड सादळतात तसा टॅब सादळला असणार. ती त्याला तांदळाच्या डब्यात ठेवायला निघाली होती, पण टॅब डब्यात मावला नाही. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. तिथं सगळ्यांचं मत एकच: "दिवाणजी, हळदीचे हात लावत असणार तुम्ही." आमच्याकडं प्रत्येक बिघाडात हळदीचं नाव पहिल्यांदा घेतात आणि प्रत्येक जखमेवरही तीच लावतात. आईचं म्हणणं आणखी जिव्हारी लागणारं. "मला तर चालतो की. हात-पाय धुऊन, देवाचं नाव घेऊन लावला की चालतो." हे खरं होतं, म्हणूनच टोचत होतं. आई देवघरासमोर पाटावर बसून तोच टॅब बिनदिक्कत वापरायची. तोच टॅब, त्याच भिंतीजवळ, मी फरशीवर उभा राहून घेतला की संप.

चिरंजीवांना फोन लावला. "बाबा, आधी रीस्टार्ट करा." रीस्टार्ट करायला बटण दाबलं की पडद्यावर विचारणा येते, रीस्टार्ट करायचा का? 'होय'वर बोट लावा. अरे बाळा, बोट लागलं असतं तर तुला फोन कशाला केला असता? मग समजलं की बाजूचं बटण बराच वेळ दाबून धरलं की टॅब न विचारता स्वतःहून बंद होतो. असा बंद करून चालू केला की थोडा वेळ बरा वागायचा, पुन्हा मूळपदावर. सेफ मोड झाला. त्यात आपण घेतलेली अ‍ॅप झोपतात आणि कंपनीची तेवढी जागी राहतात. तरी तेच. म्हणजे दोष अ‍ॅपचा नाही. पुढचा सल्ला आला: सेटिंगमध्ये बिल्ड नंबर म्हणून एक ओळ असते, तिच्यावर सात वेळा टिचक्या मारा, गुप्त दालन उघडतं. ज्याचा टच गेलाय त्याच्यावर ओळीनं सात टिचक्या! शेवटी यूएसबीचं छोटं अडॅप्टर लावून कॉम्प्युटरचा माउस टॅबला जोडला. टॅबवर बाण उमटला तेव्हा बायको आणि आई दोघी बघायला आल्या. बाण शहाण्यासारखा चालत होता, म्हणजे टॅबचं डोकं ठिकाणावर होतं, फक्त कातडी बधिर.

त्या दालनात 'पॉइंटर लोकेशन' नावाची सोय आहे. ती चालू केली की बोट जिथून जाईल तिथं रेघ उमटते आणि वरच्या पट्टीत आकडे पळतात. मी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात बोट ओढत गेलो. रेघ निम्म्यावर तुटली, बोटभर पलीकडं पुन्हा सुरू झाली. पुन्हा ओढली, तर सरळ आली. तिसऱ्यांदा भलतीकडंच फाटा फुटला. काच मेली असती तर रेघ दर वेळी त्याच जागी तुटली असती. मग मी हात काढून घेतला आणि नुसता बघत बसलो, तर पडद्याच्या खालच्या अंगाला, कुणी हात लावलेला नसताना, बारीक आडव्या-उभ्या रेघा आपल्या आपण उमटायला लागल्या. अमावस्या नव्हती. मी कॅलेंडर बघून घेतलं.

मारुती रोडवरच्या एका दुकानात घेऊन गेलो. काउंटरवरच्या पोरानं टॅब हातात घेतला, दहाही बोटं नाचवली, गेम उघडली, फळं कापली. "काका, चालतंय की मस्त." मी म्हटलं, घरी चालत नाही रे. त्यानं माझ्याकडं बघितलं ती नजर मी ओळखतो. पोटात दुखतंय म्हणून शाळा बुडवणाऱ्या पोराकडं मीही तसंच बघायचो. "टच जाणार आहे ह्याचा. फोल्डरच बदलून टाकू." फोल्डर म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले असं सगळं बिऱ्हाड. भाव ऐकला आणि टॅब पिशवीत घातला. पोरानं जाता जाता टेम्पर्ड ग्लास तेवढी काढून दिली, कडेला बुडबुडे धरलेत म्हणाला. ते मात्र बरोबर होतं. काच आणि संरक्षक काच यांच्यात हवा शिरली की बोटाचा मागमूस पातळ होतो. पण घरी येऊन चार्जिंगला लावला, पुन्हा तेच.

ह्याच दिवसांत विहीणबाईंचं प्रकरण घडलं.

पहाटेची वेळ. बाहेर पावसाची रिपरिप. मी बनियनवर, खांद्यावर टॉवेल, तोंडात ब्रश. टॅब चार्जिंगला, आईच्या पितळी डब्याला टेकवलेला. आई फुलं आणायला परसात. अचानक टॅबमधून घाबरा आवाज आला, "पाणी आलं व्हय ओ?" बघतो तर कोल्हापूरच्या विहीणबाई. केस मोकळे, डोळ्यांवर झोप, मागं व्याही लुंगी सावरत उभे. "आईंना आधी बाहेर काढा! ह्यांनी टेम्पोवाल्याला फोन लावलाच आहे. सामानाचं नंतर बघू!" ऑगस्टात पहाटे सांगलीहून व्हिडिओ कॉल आला तर कोल्हापूरच्या माणसानं दुसरं काय समजावं? मी तोंडातला फेस आवरत म्हटलं, "नाही हो, पाणी नाही. एकतीसच आहे."

"मग फोन कशाला केलासा?"

मी केला नाही, टॅबनं केला, हे विहिणीला पहाटे बनियनवर उभं राहून सांगता येत नाही. तेवढ्यात बायकोनं बाजी सावरली. पदर नीट करत समोर आली आणि म्हणाली, "सहजच हो. म्हटलं, पंचगंगेला किती आहे विचारावं." विहीणबाई लगेच शांत झाल्या. राजाराम बंधाऱ्याला किती, ३९ च्या इशाऱ्याला अजून किती बाकी, ४३ ला गेलं तर कुठली गल्ली आधी बुडते, अर्धा तास बोलल्या दोघी. लेकीच्या लग्नात मानाच्या साडीवरून जे धुमसत होतं ते ह्या अर्ध्या तासात पार विझलं. त्यानंतर टॅबला ही वाट पाठच झाली. यादीत नाव वर, त्यामुळं भुताचं बोट फिरून फिरून तिथंच पडायचं. विहीणबाई पहाटे वेणीफणी करून, चहाचा कप घेऊन तयार बसायला लागल्या.

उलगडा झाला तो लाईट गेल्यावर. सगळ्या गल्लीत अंधार, आणि टॅब लोण्यासारखा मऊ. फरशीवर उभा राहून मी पान वर-खाली करतोय, एक टिचकी वाया जात नाही. लाईट आली, टॅब पुन्हा रुसला. शेजारचे तात्या उंबऱ्यात बसून हे बघत होते. तात्यांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. ते काही न बोलता घरी गेले आणि ट्रान्झिस्टर घेऊन आले, ज्याच्यावर एकेकाळी अख्खी गल्ली आकाशवाणी सांगली ऐकायची. मीडियम वेव्हवर काटा मोकळ्या जागी आणला. नुसती हलकी सू-सू. मग त्यांनी तो हळूहळू भिंतीतल्या चार्जरजवळ नेला. वीतभर अंतरावर खर्रर्र सुरू झालं आणि जवळ नेईल तसं असं वाढलं की आईनं आतून विचारलं, कोण दळतंय? चार्जर काढला, आवाज बंद. लावला, पुन्हा खर्रर्र.

"दिवाणजी, टॅबला काय धाड भरलेली न्हाई," तात्या म्हणाले. "ह्यो घाण करतोय."

मग त्यांनी उंबऱ्यातच शिकवणी घेतली. काचेच्या खाली इंडियम टिन ऑक्साइड नावाच्या पदार्थाचं पारदर्शक जाळं असतं. बोट जवळ आलं की तिथं विजेचा साठा किंचित बदलतो. किंचित म्हणजे पिकोफॅरडच्या मापात, आणि पिकोफॅरड म्हणजे फॅरडचा एक लाख कोटीवा भाग. एक चिप सेकंदाला कितीतरी वेळा हे जाळं चाळून बोट शोधत असते. (नखानं केलेली टकटक तिला कळत नाही, कारण नखातून वीज खेळत नाही. माझी सगळी टकटक पाण्यात.) ही विद्या काही कालची नाही. इंग्लंडात माल्व्हर्नच्या रडार संशोधन संस्थेतले ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ सालीच अशा पडद्याबद्दल लिहून ठेवलंय. आता चार्जर. तो घरातल्या २३० व्होल्टचे सेकंदाला हजारो तुकडे करून टॅबला झेपेल इतकी वीज बनवतो. चांगल्या चार्जरमध्ये त्या तोडफोडीची खरखर गाळायला भाग बसवलेले असतात. स्वस्तातल्यात ते गाळलेले असतात, म्हणजे बसवतच नाहीत. मग खरखर सगळ्या टॅबभर पसरते आणि जमिनीत जायला वाट शोधते. ती वाट म्हणजे ओल्या पायांनी शहाबादी फरशीवर उभा असलेला मी. बोट लावलं की खरखर नेमकी त्याच बोटातून पळते आणि चिपला बोट कुठलं, गोंधळ कुठला हे कळत नाही. कधी ती खरं बोट नाकारते, गोंधळ फारच वाढला तर नसलेलं बोट मानते. आई कोरड्या लाकडी पाटावर बसायची, जमिनीशी तिचा संबंध बेताचा, म्हणून तिला चालायचा. चार्जिंगला असताना टॅबच्या पत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला की बारीक मुंग्या यायच्या, त्याही ह्याच घराण्यातल्या.

आईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मी काय वेगळं सांगत होते? पाटावर बसून लावावा."

चिरंजीवांकडून मूळ चार्जर कुरिअरनं मागवला. तिथं तो कुठल्या मित्राचा ट्रिमर चालवत होता. टॅब त्या दिवसापासून सरळ. रेघ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात अखंड. पाण्याचा आकडा एका बोटात. मारुती रोडवरच्या पोराला सांगायला गेलो, तर तो दुसऱ्या एका काकांना फोल्डरचा भाव सांगत होता. मी काकांना बाहेर गाठून हळूच विचारलं, चार्जर कुठला वापरता?

सगळं मार्गी लागलं, आणि परवा लेकीचा फोन आला. "आई, तुम्ही सासूबाईंवर रागावलात का? त्या विचारत होत्या, सांगलीचा पहाटेचा फोन बंदच झाला एकदम, आमचं काही चुकलं का म्हणून."

मी बायकोला म्हटलं, लाव की मग आत्ता. एका बोटाचं काम आहे.

"मी का लावू आपणहून?" ती म्हणाली. "मुलीकडचे म्हणून आपणच सारखं पुढं पुढं करायचं होय? इतके दिवस टॅब करत होता ती गोष्ट वेगळी." मग थोडं थांबून, भांडी आवरता आवरता, "तो जुना चार्जर टाकला नाहीत ना तुम्ही?"